पाहुण्यांसमोर दुखत नाही

बुधवार उजाडला की आमच्या घरात माझ्या सासऱ्यांचे हाल सुरू व्हायचे. हाल करणारे कोण? आम्हीच. सासूबाई, मी आणि माझा नवरा अभिनव. कारण बुधवारी सिस्टर यायची.

सासऱ्यांना, म्हणजे काशीनाथबाबांना, प्रोस्टेटचा कॅन्सर. तो हाडांत पसरलेला, कमरेच्या मणक्यात आणि डाव्या खुब्यात. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलनं सांगितलं, आता नवीन इलाज नाही, घरी न्या, त्रास कमी कसा होईल तेवढं बघू. त्यासाठी एका संस्थेची नर्स घरी यायला लागली. मृणालिनी सिस्टर. पोरगीच, माझ्याहून लहान. पाठीला भलीमोठी बॅग लावून स्कूटीवर सगळं भाईंदर फिरायची. ती यायची दुखणं किती आहे ते बघायला. आणि आम्ही मोरवा गावातली शहाणी माणसं, ती यायच्या आत दुखणं धुऊन पुसून लपवून ठेवायचो.

सकाळीच सासूबाई मागच्या पडवीत चुलीवर पाणी तापवायच्या.

“उठा. पाव्हनी येनार. असं लोलत पडून र्‍हानार काय?”

अभिनव बाबांच्या काखेत हात घालून त्यांना उठवायचा, मी पाय धरायची. उभा जन्म मिठागरात गेलेले पाय ते, तळवे पांढरे पडलेले, भेगा कधी न भरणाऱ्या. मांडी मात्र वाळून माझ्या दंडाएवढी झालेली. डावा पाय जरा वाकडा झाला की बाबांच्या गळ्यातून असा आवाज यायचा की माझ्या हातातली ताकद जायची. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढलेला. टॉवेल दातांत धरायचे. मोरीत स्टुलावर बसवून आम्ही पाणी ओतायचो आणि ते टॉवेल चावायचे. मग अंग पुसायचं, पावडर लावायची, पांढरा सदरा चढवायचा, धोतर, टोपी, आणि बाहेर ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत नेऊन बसवायचं. तोपर्यंत सासूबाईंनी चादर बदललेली, मुताची भांडी मागे लपवलेली, धूप लावलेला.

सिस्टर यायची. बाबा हसायचे.

“कसे आहात बाबा?”

“बरा हाय, बाय. तू कशी हास? केवर्‍या उन्हाची आयलीस! रश्मे, कोकम दे तिला.”

“शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आज किती?”

“दोन.”

दर वेळी दोन. ती मान हलवायची, लिहायची, बीपी बघायची, पायाला सूज आहे का बघायची. सासूबाई तिच्या पिशवीत भाकऱ्या आणि सुकट कोंबायच्या. ती नको नको म्हणायची. स्कूटीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी गेला की बाबांचा चेहरा गळून पडायचा. खुर्चीतून कॉटवर नेईपर्यंत सदरा घामानं भिजलेला. मग दिवसभर अन्नाचा कण नाही. भिंतीकडे तोंड करून कॉटच्या पाइपवर मूठ आपटत राहायचे, हळूहळू, आवाज ओटीपर्यंत जाणार नाही अशी.

एकदा मी विचारलंच, “बाबा, दोनच का म्हणता?”

“एकदम न्हाय बोललो त तिचं येनं फुकट जाईल. एवरी लांबून येते पोरगी. नि जास्ती कनाला बोलू? ती काय आपलं रडगानं ऐकाया आयली? पाव्हन्यासमोर दुखत नसतं.”

घ्या! मी कपाळावर हात मारला. हे घरच तसलं. माझा धाकटा दीर तापानं गेला त्या दिवशी बातमी न कळलेले कुणी शेजारच्या डोंगरी गावचे नातेवाईक दारात उभे राहिले, तर सासूबाईंनी आधी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, प्रवास कसा झाला विचारलं आणि मग सांगितलं. ही गोष्ट गावात अजून कौतुकानं सांगतात. मी कांजूरमार्गच्या चाळीत वाढले. आमच्याकडे पाय मुरगळला तरी सगळ्या मजल्याला कळायचं. मला हे कौतुक कधी पचलं नाही.

वैशाख चाललेला. लग्नसराई. आमच्या घराचा निम्मा संसार तांदळाच्या भाकऱ्यांवर चालतो. मोरव्यातल्या, डोंगरीच्या हळदीच्या ऑर्डरी असल्या की सासूबाई आणि मी सकाळपासून मागच्या पडवीत. पाणी उकळायचं, पीठ टाकायचं, उलथण्याच्या दांड्यानं ढवळायचं, उकड गरम असतानाच परातीत ओतून मळायची. गार झाली की भाकरी फाटते, त्यामुळे हात भाजत भाजतच मळायला लागतं. मग पाण्याचा हात लावून थापायची, तव्यावर टाकायची, थापायची, टाकायची. वर पत्रा तापलेला, खाली चूल. पाठीचा कणा वाकून वाकून लाकूड होतो. त्यात गावात कुणाकडे तरी हळद असणारच, डीजेचा आवाज, आमचे पत्रे थरथरणारे. आत बाबा. मी थापताना कान तिकडेच. डीजे मध्येच थांबून मूठ आपटण्याचा आवाज आला की वाटायचं, ही उकड कुणाच्या तरी तोंडावर फेकून मारावी.

अशाच एका बुधवारी मी न राहवून सिस्टरच्या मागे गल्लीत पळाले. हाताला पीठ तसंच.

“सिस्टर, ते खोटं बोलतात.”

ती स्कूटीला किक मारता मारता थांबली. “मला पण वाटतं काहीतरी. पण वहिनी, ते हसतात. खुर्चीत बसतात. दोन म्हणतात. मी डॉक्टरांना काय सांगू?”

“सांगा की सून म्हणते रात्रभर विव्हळतात. सांगा कूस बदलता येत नाही. अंघोळीला टॉवेल चावतात.”

“अंघोळ रोज घालता?”

“तुम्ही येता म्हणून घालतो!”

तिनं हेल्मेट काढलं. आई गं, म्हणाली. “हाडांच्या दुखण्याला ह्या साध्या गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. मॉर्फिन लागतं. पण ते डॉक्टरांनी बघून द्यायचं असतं. पुढच्या बुधवारी घेऊन येते त्यांना. वहिनी, फक्त त्यांना सजवू नका.”

सजवू नका! हे तिनं माझ्या सासूला सांगायला हवं होतं.

संध्याकाळी अभिनव कामावरून आला. तो भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला असतो, नाकापर्यंत काळा होऊन येतो. त्याच वेळी बाबांचे चुलतभाऊ उत्तमकाका ओटीवर बसलेले. मी चहा देता देता मॉर्फिनचं काढलं.

“वेडी का तू?” अभिनव म्हणाला. “ते ड्रग्ज आहे. मागे कुणीतरी नाव सांगितलेलं म्हणून केबिन रोडच्या मेडिकलवाल्याला विचारलं तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं जसा मी गर्दुल्लाच.”

“ती गोली म्हंजे यमाचा निरोप,” उत्तमकाका म्हणाले. “माझ्या साडूला दिली. आठवडा न्हाय काढला त्यानी.”

“कॅन्सरनं गेले ते, काका. गोळीनं नाही.”

“डॉक्टरीन तू हास काय?”

“नाही. पण पाय मी धरते.”

“रश्मी,” अभिनव म्हणाला, “काकांशी नीट बोल.”

नीट बोल! आत त्याचा बाप लाकडासारखा आखडून पडलेला आणि ह्याला माझ्या बोलण्याची पडलेली. मी कपबश्या आपटत आत गेले. खरं सांगायचं तर अभिनव वाईट नाही. त्याला बघवत नव्हतं म्हणून तो ओव्हरटाइम मागून घ्यायचा. पण ज्याला बघवत नाही त्याला निघून जाता येतं, आणि आम्ही बायका तिथंच. ह्याचा राग मला अजून आहे.

मी सासूबाईंना विनवलं. “आई, या बुधवारी अंघोळ नको. जसे आहेत तसे दाखवू.”

“मोठा डॉक्टर पयल्यांदा घरी येनार, नि तू त्याला मुताची चादर दाखवनार? माझं नाक कापशील?”

“नाक ठेवा आणि माणूस घालवा तुम्ही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग तव्यावरची भाकरी उलटली आणि हाताला चटका बसला तरी बोट तोंडात घातलं नाही. मला वाटलं, पोहोचलं असेल. कसलं काय. बुधवारी पहाटेच पाणी तापलेलं. त्या दिवशी तर दाढीसुद्धा करवली. भाच्याच्या लग्नात घेतलेला सदरा काढला. तो जरा तंग, हात घालताना खांदा मागे ओढायला लागला आणि टॉवेलातूनसुद्धा आवाज बाहेर आला. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या बटणं लावत होत्या.

डॉक्टर पराग आले. चाळिशीचे, दमलेले, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. सिस्टर मागे. ओटीवर खुर्च्या मांडलेल्या, शहाळी फोडलेली. उत्तमकाका टोपी घालून हजर. डॉक्टर आपुलकीनं बोलले, त्यांना नाव ठेवणार नाही. पाय वर करायला सांगितला. बाबांनी हसत हसत केला, वीतभर. ओठावर घामाचे थेंब उभे राहिले. ऊन होतं, घाम सगळ्यांनाच आलेला.

“किती दुखतंय बाबा? दहापैकी?”

“दोन.”

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. “सर, घरचे म्हणतात की रात्री फार त्रास होतो.”

“होतो काय बाबा?”

“वयाचा झालो, साहेब. झोप कमी जाली. दुसरा काय न्हाय.”

“सर, मी सांगते,” मी पुढे झाले.

“रश्मे!” सासूबाईंचा आवाज. “शहालं दे साहेबांना.”

डॉक्टर हसले. “आजी, पुरे. बाबा चांगले दिसतायत. आहे तेच चालू ठेवू. काही वाटलं तर फोन करा.” आणि त्यांनी बॅगेची चेन लावली.

मी बाबांच्या डाव्या हाताकडे बघत होते. तो मांडीखाली लपवलेला. बोटांनी खुर्चीची कड अशी धरलेली की नखं पांढरी पडलेली, आणि खुर्चीचा पाय फरशीवर बारीक थरथरत होता. डॉक्टर उठले. माझं डोकं सटकलं.

आमच्या गावात पाहुणा निघाला की घरातल्या कर्त्या पुरुषानं उठून त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला जायचं असतं. बसल्या जागेवरून निरोप देणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. बाबा आजारी पडल्यापासून अभिनव जायचा, कुणी काही म्हणायचं नाही. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बाबा, डॉक्टरसाहेब निघाले. पहिल्यांदा आपल्या घरी आलेत. सोडायला नाही उठत?”



बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करतेय ते त्यांना समजलं. आणि त्यांना समजलंय हे मला समजलं. तरी मी नजर खाली घेतली नाही.

“नको नको, बसा बाबा,” डॉक्टर म्हणाले.

“उठतो ना,” बाबा म्हणाले. “उठतो.”

खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले. पहिलं पाऊल टाकलं. डावा पाय फरशीला टेकला मात्र, आणि त्यांच्या तोंडातून जे निघालं ते मी कधी माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. टॉवेल नव्हता ना तोंडात. अभिनव आणि डॉक्टर धावले म्हणून डोकं फुटलं नाही. बाबा गुडघ्यांवर आले, मेलेल्या आईला हाका मारायला लागले, धोतर ओलं झालं, फरशीवर ओघळ आला, शहाळ्यांपर्यंत. टोपी पडली. समोरच्या घरातली माणसं ओटीशी येऊन उभी राहिली.

“तुम्ही असं उभं कसं केलंत त्यांना?” डॉक्टर माझ्यावर ओरडले. “हाड किती ठिसूळ झालंय माहितीय? मोडला असता पाय!”

“मोडला असता तर तरी दहा लिहिलं असतंत का?” मी ओरडले. “दोन! दोन! तीन महिने दोन लिहिताय! सदरा बघून लिहिता की माणूस बघून?”

“रश्मी, बस!” अभिनव.

“नाही बसत. तू बस. तू धर त्यांचा पाय, बघू किती आकडा येतो.”

डॉक्टर तिथंच ओल्या फरशीवर मांडी घालून बसले. अभिनवला सांगितलं, लोकांना घालवा. मग खुब्यावर, कमरेवर हळूहळू हात ठेवत गेले आणि बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता किती म्हणून विचारलं नाही. सिस्टरनं बॅगेतून गोळी काढली.

कॉटवर निजवल्यावर डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. ही मॉर्फिनची गोळी. दर चार तासांनी, घड्याळ बघून, दुखो न दुखो. दुखल्यावर धावायचं नाही, दुखायच्या आधी पोहोचायचं. सोबत पोट साफ होण्याचं औषध रोज, कारण हिनं बद्धकोष्ठ होतं. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल, घाबरू नका. मळमळलं तर फोन करा. नशा वगैरे डोक्यातून काढा, दुखण्यासाठी देतोय, मजेसाठी नाही. आणि ह्या गोळीनं माणूस लवकर जात नाही. उत्तमकाका दारात उभे राहून ऐकत होते, मान नाही नाही हलवत.

सिस्टर निघताना मला म्हणाली, “चुकलं आमचं.” मी म्हणाले, “हो, चुकलं.” उगाच नाही कशाला म्हणू?

पुढची गोळी द्यायची वेळ झाली. मी पाणी घेऊन गेले तर बाबांनी तोंड फिरवलं.

“हिच्या हातचं पानी नको मना.”

बस. त्यानंतर माझ्याशी शब्द नाही. अभिनव कामावर. राहिल्या सासूबाई. त्यांच्या हातात गोळी ठेवली.

“मीच द्यायची? माझ्या हातांनी? काय जालं त मी काय तोंड दाखवू गावाला?”

“आणि नाही दिली तर त्यांना काय तोंड दाखवाल, आई?”

त्या उठल्या. देवाच्या फोटोकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. सरळ कॉटपाशी गेल्या, बाबांची मान हातावर घेतली आणि गोळी जिभेवर ठेवली. “गिला,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाबा झोपले ते झोपलेच. दुपार टळली तरी झोप. तोंड उघडं, हात कॉटखाली लोंबता. उत्तमकाका आले, बघून म्हणाले, “बोल्लो व्हतो ना? अनसूये, चालला तो. पोराला फोन कर.”

सासूबाईंनी गोळ्यांची पट्टी उचलली आणि मागच्या दाराकडे धावल्या. बाहेर गटार. मी दारात आडवी उभी राहिले. माझे हात उकडीनं माखलेले, त्यांचेही. आम्ही दोघींनी त्या पट्टीसाठी अक्षरशः झोंबाझोंबी केली. माझी बांगडी फुटली.

“सोर मना! मारलास तू त्याला!”

“हाक मारा त्यांना! आधी हाक मारा, मग टाका!”

“हाक मारून काय—”

“मारा म्हणते ना!”

मी सिस्टरला फोन लावून स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, श्वास कसा चाललाय? संथ आहे ना? अडखळत नाही ना? हाक मारल्यावर डोळे उघडतात का ते बघा. इतक्या महिन्यांची झोप राहिलीय त्यांची, आजी, ती घेतायत ते.

सासूबाई कॉटपाशी गेल्या. “अवो,” म्हणाल्या. खांदा हलवला. पुन्हा, “अवो, ऐकलंत काय?”

बाबांनी डोळे उघडले. इकडं तिकडं बघितलं. “डोंगरीच्या भाकर्‍या गेल्या काय?”

सासूबाई मटकन खाली बसल्या. मग उठल्या त्या उत्तमकाकांवरच. “गेला काय? कुठं गेला? भाकर्‍यांचा विचारतंय तो! माझ्या दारान उभा र्‍हाऊन मरान बोलवतोस? जा घरी. जा!” काका चपला हातात घेऊन गेले. मी त्या बाईला इतकी वर्षं ओळखते, पण तिच्यावर जीव ओवाळून टाकावा असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पट्टी त्यांनीच कमरेला खोचली. ती मग तिथंच राहिली.

गुंगी उतरली. पेज जायला लागली, सुकट मागायला लागले. पण दुखणं पुरतं गेलेलं नव्हतं. गोळीची वेळ जवळ आली की पुन्हा मूठ पाइपवर. आणि सिस्टरला सांगायचं काय? ओटीवर खुर्चीत बसवलं तर पुन्हा दोनच.

या वेळी सासूबाईंनीच फोन मागून घेतला. “बाय, तू फुडच्या दारानी येऊ नको. मागनं ये. आमच्यात मागल्या दारानी येते ती घरची. पाव्हनी पुढनं येते.”

सिस्टर मागनं आली. चुलीपाशी बुटक्या पिढ्यावर बसली, कोकम घेतलं नाही, उलट सासूबाईंनी तिला लसूण सोलायला दिला. बाबांची कॉट आम्ही मागच्या पडवीच्या दाराशी सरकवलेली. अंगात बनियन, दाढी वाढलेली. ती लसूण सोलता सोलता बघत होती. मी कूस बदलून दिली तेव्हा त्यांचे डोळे कुठल्या बाजूला मिटले, पाय कुठं थांबला. किती म्हणून विचारलंच नाही. काल झोपेतून कितीदा उठलात? मोरीपर्यंत गेलात की भांडं घेतलंत? भाकरी सगळी खाल्ली की टाकली? बाबा तिला उत्तरं देत होते, माझ्याकडे न बघता. डोस वाढला. बद्धकोष्ठाचंही औषध वाढलं.

त्यानंतर मूठ थांबली.

पण माझ्याशी बोलणं नाहीच. मी पाणी ठेवलं की ते सासूबाईंना हाक मारायचे. मी भाकरी वाढली की ताट सरकवायचे आणि सासूबाईंनी तीच भाकरी उचलून परत ठेवली की खायचे. मी म्हणायचे, चालेल. पोटात जातेय ना. पण मला चालत नव्हतं. रात्री अभिनवला म्हणाले, “तुझ्या बापाला मी वाचवला नाही, ते माझ्या हातात नाही. पण चार दिवस सुखाचे दिले, तर मी वैरीण?” तो म्हणाला, “वेळ दे त्यांना.” मी म्हणाले, “वेळ आहे का त्यांच्याकडे?”

मग एका सकाळी मी एकटीच थापत बसलेले. सासूबाई नळावर. ऑर्डर मोठी, उकड गरम, माझं लक्ष परातीत.

“रश्मे.”

मी मान वर केली. बाबा कोपरावर रेलून उठलेले, स्वतःच्या जोरावर.

“भवाने,” ते म्हणाले, “सगल्या गावासमोर माझं धोतर भिजवलंस.” आणि मग सुरू झाले. मिठागरातल्या मुकादमाला देत असतील तसल्या शिव्या. माझ्या माहेराचा उद्धार झाला, माझ्या बापाचा झाला, पुढचं सांगण्यासारखं नाही. आवाज पार गल्लीत जात होता. एकामागून एक, श्वास न अडकता. महिनोन्महिने हा माणूस अर्धा श्वास घ्यायचा, कारण पुरता घेतला की पाठीत कळ जायची. मी ऐकत राहिले. तव्यावरची भाकरी करपली तरी ऐकत राहिले.

“लाज काडलीस माझी! पाव्हन्यांसमोर!”

“होय, काढली!” मी पण उठले. “आणि परत वेळ आली तर परत काढीन! तुम्हाला इज्जत ठेवायची होती, ठेवली असतीत. टॉवेल तुमच्या तोंडात होता, बाबा, पण पाय माझ्या हातात होते. कळ तुमच्यात उठायची आणि माझ्या हातांत यायची. तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. मी काय मिटू? सगळ्या जगाला बरा हाय, बरा हाय. त्या पोरीला कोकम, डॉक्टरला शहाळं. आणि आम्हाला काय? रात्रभर मूठ! आम्ही कोण मग? घरच्यांना एक शब्द सांगायचा नाही आणि बाहेरच्यांना हसून दाखवायचं! मला नाही पटत तुमची ही रीत. आगीत घाला ती!”

सासूबाई हंडा घेऊन दारात उभ्या. मध्ये पडल्या नाहीत.

बाबा धापा टाकत होते. मला वाटलं, आता ताट भिरकावतील. सासऱ्यांशी असं कुणी बोलतं का? माझ्या आईनं ऐकलं असतं तर मुस्काट फोडलं असतं.

“इकरं ये,” ते म्हणाले.

मी गेले नाही. “का?”

“ये बोलतो ना.”

मी गेले. त्यांनी माझा पिठाचा हात मनगटाला धरला आणि स्वतःच्या कमरेवर नेऊन टेकवला, मणक्याच्या खाली, डावीकडे. हाड हाताला लागत होतं.

“हितून निगतं,” ते म्हणाले. “मिठागरान पायाला चीर पडली की तिच्यान खारं पानी जातं ना, तशी आग. पन आतनं, हाडान. हितनं मांडीला उतरतं. गोली उतराया लागली की पयलं हितं समजतं. पाटंला जास्ती. तवा वाटतं, कुनाला तरी हाक मारावी.”

“मग मारायची ना,” मी म्हणाले. माझा राग कुठंही गेला नव्हता, आवाज तसाच चढलेला. “मेले असते का मी उठले असते तर?”

“आता मारीन,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “आजून सांगू काय?”

“सांगा. सगळं सांगा.”

सासूबाईंनी हंडा खाली ठेवला आणि करपलेली भाकरी तव्यावरून काढली. मी हात होता तिथंच ठेवून कॉटपाशी खाली बसले.